पेटीबाबांचा बाण

पडदे धुऊन अर्धेच वाळत घातले होते, तेवढ्यात भावजी आले. माझे धाकटे दीर. तेल शोधणाऱ्या कंपनीच्या गोदामात त्यांनी एकतीस वर्षं काढली. जमिनीच्या पोटातून काढलेले दगडाचे दांडके पेट्यांत लावायचे, प्रत्येक तुकड्यावर वरची बाजू दाखवणारा बाण काढायचा, साहेब मागतील ती पेटी उघडून द्यायची. लग्न केलं नाही. गोदामाकडे दिवसचे दिवस कोणी फिरकायचं नाही. डबाही पेट्यांसमोर बसूनच खायचे. कचेरीत त्यांना पेटीबाबा म्हणत.

आज ते निवृत्त झाले. "यांच्या हातून एक पेटी चुकली नाही," असं साहेब भाषणात म्हणाले म्हणे, आणि आठवण म्हणून हवा तो तुकडा न्यायला सांगितलं. भावजींनी वीतभर दगड आणला, काळ्यापांढऱ्या रेघांचा. धूळ होती म्हणून मी तो नळाखाली धरायला गेले.

"वहिनी, पाणी नको! मीठ आहे त्यात. इतकी वर्षं सांभाळला, आणि तुम्ही भांड्यांबरोबर विसळताय!"

"तेलाच्या कंपनीतून मीठ आणलंत होय? वाण्याकडे मिळालं असतं की."

हसले. मग कधी नव्हे ते बोलत बसले. हा दगड निघाला तिथे फार पूर्वी खारं तळं होतं. खारं पाणी जड, ते तळाशी बसायचं आणि हवा खाली पोचायची नाही. वर शेवाळ माजायचं, मरून खाली पडायचं. पण तळाशी त्याला खाणारं कोणी जिवंतच नव्हतं. ते कुजायचं राहिलं आणि चिखलात थरावर थर साठले. ती काळी रेघ. वर डोंगराएवढा गाळ चढला, कोट्यवधी वर्षं खालची ऊब लागली, तेव्हा त्यातून तेल सुटलं.

"तळं पाहून आल्यासारखे बोलताय," मी म्हटलं.

"रोज तेच तर भेटायचं."

एका घरात राहून मी त्यांना हे कधी विचारलं नव्हतं. देवा, माझंही चुकलंच.

मग पांढऱ्या रेघेवर बोट ठेवून म्हणाले, "हे मिठाचे खडे. तळावर उभे वाढतात, टोकं नेहमी वर." आणि दगड फिरवून त्यावरचा बाण पाहिला. बाण वर होता आणि टोकं खाली. खिडकीशी नेऊन पाहिलं, चष्मा पुसून पाहिलं.

"मीच उलटी लावली. अख्खी पेटी. एकाच दांडक्याचे तुकडे, सगळ्यांवर बाण एकदमच काढले होते."

आमचे हे वर्तमानपत्रातून डोकं काढून म्हणाले, "अरे, सुटलास ना आता? कोणाला कळणार आहे?"

"सोमवारी नवे लोक तीच पेटी तपासायला येतायत, दादा. आधी मीठ साठलं की आधी काळा थर, हेच ते उलटं वाचतील."

"मग साहेबांचं ते भाषण?"

"घेऊ देत परत."

भावजींचं जेवणावर लक्ष नव्हतं. एकतीस वर्षांत त्या गोदामात दुसरं माणूस असतं, तर एखाद्याने तरी म्हटलं असतं, अहो, हे उलटं आहे. मी पान वाढून समोर बसून राहिले. रोज बसत नाही.

हात धुताना त्यांनी माझ्याकडून पेटीचा नंबर चिठ्ठीवर लिहून घेतला. उद्या पहिल्या बसने ते साहेबांच्या घरी जाणार आहेत, पेटी उलटी लागली आहे हे सांगायला.