तात्यांच्या गाडीतला पिवळा दिवा

गॅरेजवाल्याकडे दोन गोष्टी आपोआप साठतात, काळं ऑइल आणि किस्से. ऑइल न्यायला महिन्याला एक माणूस येतो. किस्से कोणी नेत नाही, म्हणून ते असे सांगत बसायचे!

वडूजला माझं आणि सुभाषचं गॅरेज आहे. मी हातानं काम करतो, सुभाष स्कॅनरनं. जुन्या गाड्यांचं एक दुखणं ठरलेलं: मीटरमध्ये इंजिनाच्या चित्राचा पिवळा दिवा लागतो आणि काही केल्या विझत नाही. गाडी तर चालतेय, मग दिवा कशाला? यावर आमच्या भागात प्रत्येकाचं स्वतंत्र मत आहे, आणि ते सगळे मलाच ऐकवतात.

* * *

फलटणचे एक सर होते. दिवा लागला म्हणून आले. मी म्हटलं, पार्ट मागवतो, आठवड्यानं या. आलेच नाहीत. पुढं गाडी सर्व्हिसिंगला आली, तर दिवा गायब!

"सर, कुठं केलं काम?"

"घरीच. मिसेसनी केलं."

वाकून बघितलं. दिव्यावर टिकली लावली होती. आणि साधी नाही, खड्याची!

* * *

आता तात्या. माण तालुक्यातले, घराणं मेंढपाळाचं, स्वतः मिलिटरीतून रिटायर. गाडी जुनी डिझेल. पहिल्यांदा आले तेव्हा बॉनेट उघडून शेजारी ताठ उभे राहिले आणि रिपोर्ट दिला, "गाडी फिट हाय. दिवा लागतोय. चढाला दम टाकती."

पुढच्या सीटवर त्यांच्या मंडळी, आमच्या मावशी. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला साताऱ्याला न्यावं लागतं. वाटेत वर्धनगडचा घाट.

"दिव्याचं मला काय न्हाई," तात्या हळूच म्हणाले. "पर गाडी घाटात बंद पडली, तर हिला कसं न्यायचं?"

सुभाषनं स्कॅनर लावला. हवेच्या सेन्सरच्या बिघाडाचा कोड आला. इंजिनात हवा किती जाते ते मोजणारा हा सेन्सर. साफ केला, दिवा गेला. पुढच्या फेरीला परत हजर!

* * *

समोरचा चहावाला आमच्यापेक्षा जास्त गाड्या दुरुस्त करतो, पण तोंडानं. त्यानं तात्यांना सांगितलं, "बॅटरीची वायर काढायची, जरा वेळानं लावायची. दिवा जातोय बघा."

जातो, खरं आहे. पण परत येतो. शिवाय गाडीतलं घड्याळ दरवेळी बारावर जातं. तात्यांना एकदा ऑर्डर मिळाली की संपलं, निघायच्या आधी वायर काढलीच पाहिजे. शेवटी मावशी मला म्हणाल्या, "दिव्याचं ऱ्हाऊ द्या, ते घड्याळ तरी नीट करा. मी घरातनं कायम बारालाच निगती!"

* * *

मग नवा सेन्सर टाकला. सुभाष म्हणाला, "तात्या, आता दिवा लागला तर गॅरेज सोडून मेंढरं राखीन!"

त्याच आठवड्यात घाटात गाडीनं मान टाकली. पहिल्या गिअरला रांगायला लागली. मागून मेंढरांचा कळप आला आणि ओव्हरटेक करून पुढं गेला! कळपामागं मावशींचाच चुलतभाऊ. त्यानं खिडकीत डोकं घातलं, "आक्के, उतर, चल आमच्यासंगं. लवकर पोचशील!"

तात्यांनी हे सांगितलं तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. मग ते म्हणाले, उशीर झाला म्हणून मशीन दुसऱ्या पेशंटला दिलं. मावशी संध्याकाळपर्यंत बाकावर बसून होत्या, पाय सुजलेले. मला फार वाईट वाटलं. सुभाषला त्या दिवशी मेंढरांवरून कोणी चिडवलं नाही.

* * *

गाडी ठेवून घेतली आणि सगळं उघडलं. एअर फिल्टरच्या डब्याच्या झाकणाची एक क्लिप तुटलेली, तिथं बोटभर फट. स्कॅनरला क्लिप दिसत नाही. त्या फटीतून न गाळलेली हवा आत जात होती, आणि सेन्सरच्या बारीक तारेला काळे केस गुंडाळलेले!

"उंदीर असंल," सुभाष म्हणाला.

"एवढा केसाळ?"

सुभाष तात्यांच्या मिशीकडं बघायला लागला. तात्या गरजले, "आरं, माझी पांढरी हाय!"

नवी क्लिप बसवली, सेन्सर साफ केला. पुढच्या फेरीला मी स्वतः गाडीत बसून साताऱ्याला गेलो. घाट जाता-येता चढलो, दिवा लागला नाही. मावशी वेळेत मशीनवर. जीव भांड्यात पडला.

* * *

पण काही दिवसांनी साताऱ्याहून परत येताना दोघं समोर चहाला थांबले, तेव्हा मी फिल्टर उघडला, तर तो त्याच काळ्या केसांनी भरलेला; चोळून बघितलं तर लोकर. क्लिपमुळं आता ती फिल्टरलाच अडकत होती, एवढंच. मी तो तसाच दोघांच्या पुढं धरला.

"तात्या, ही लोकर बॉनेटमध्ये येते कुठून?"

"कुणाचं काम हाय हे? नाव सांगा!" तात्या खुर्चीवरून उठले.

मावशींनी कप खाली ठेवला. डॉक्टरांनी पाणी मोजून प्यायला सांगितलंय, त्या दोनच घोट घेतात.

"माझं घोंगडं हाय ते. रातचं इंजनावर टाकती."

"कवापासनं?"

"थंडी पडल्यापासनं. तुमी झोपल्यावर टाकती, उठायच्या आदी काढती. कोकरावर टाकत न्हाई व्हय आपण? सकाळी हिला घाट चढायचा असतोय. माझ्यापायीच जाती न्हवं?"

मी समजावलं, मावशी, इंजिन गरम असलं तर घोंगडं पेट घेईल, नशीब अजून काही झालं नाही. त्यांनी मान हलवली. "बरं. न्हाई टाकत."

तात्या उभेच होते. त्यांनी विचारलं, "आन तू काय पांघरत हुतीस?"

"मी घरात असती," मावशी म्हणाल्या. "ती भाईर असती."