शेवटचं प्रकरण गुरुवारी

विषय : महिला वाचक मंडळ, बिबवेवाडी, यांचे सभासदत्व मिळणेबाबत.
संदर्भ : १) अर्जदाराचा अर्ज. २) त्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी काढलेली त्रुटी.

उपरोक्त विषयी सविनय सादर, की अर्जदार म्हणजे मी. सरकारी कचेरीतून वरिष्ठ लिपिक म्हणून निवृत्त, अविवाहित, आणि सध्या प्रेमकादंबऱ्यांचा वाचक. यातलं शेवटचं सांगितलं की लोक आधीच्या दोन गोष्टींकडे नव्याने बघतात.

मंडळात तीन बायका आणि चौथा मी, अर्जदार. एवढ्याशा माणसांत इतके किस्से कसे साठतात, असं वाटेल. कचेरीत फायली साठायच्या, कारण त्या पुढे सरकवायला कोणी नसायचं. इथेही तेच आहे. घरी जाऊन सांगावं असं आमच्यापैकी कोणाकडे कोणी नाही. तिघींतल्या मीनाताईंची लेक घरी असते, पण ती मीटिंगमध्ये असते. त्यामुळे मंडळात घडलेलं मंडळातच पडून राहतं. त्यातलं थोडं इथे पुढे सरकवतो.

*

आमची लायब्ररी पिठाच्या गिरणीच्या वर आहे. पुस्तक झटकल्याशिवाय उघडता येत नाही. निवृत्तीनंतर मी तिथली आत्मचरित्रं वाचून संपवली. सगळ्या थोरांचं म्हणणं एकच, की चूक दुसऱ्याची होती. मग शेजारच्या कपाटाकडे वळलो. तिथे नावाने ओळखीच्या एका लेखिकेची प्रेमकादंबरी होती. या बाईंची पुस्तकं माझ्या तरुणपणी कचेरीतल्या टायपिस्ट मुली ड्रॉवर अर्धा उघडा ठेवून वाचायच्या, आणि मी ड्रॉवर बंद करायला सांगायचो. आता तीच कादंबरी मी पिशवीत घालून, वर कोथिंबीर ठेवून घरी आणली.

दोन दिवसांत शेवटापर्यंत आलो. बघतो तर शेवटच्या प्रकरणाची पानं रबरबँडने बांधलेली, आणि वर चिठ्ठी : ‘गुरुवारी.’

मी पुस्तक तसंच परत घेऊन गेलो. टेबलाशी सुमनताई बसल्या होत्या. निवृत्त मुख्याध्यापिका, मंडळाच्या अध्यक्षा. आवाज अजून शाळेतलाच.

“वाचली?”

“रबरापर्यंत.”

“पुढे का नाही?”

“बांधलेला कागद सोडायचा तर सक्षम अधिकाऱ्याची परवानगी लागते.”

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. “आजवर ज्या पुरुषाने हे पुस्तक नेलं, त्याने रबर काढूनच परत केलं. एकाने तर रबरही ठेवून घेतलं. बसा. आज गुरुवारच आहे.”

मंडळाचा नियम तेव्हा कळला. कादंबरी घरी वाचायची, पण शेवटचं प्रकरण घरी एकटीने वाचायचं नाही. ते गुरुवारी संध्याकाळी सगळ्यांत मोठ्याने वाचायचं. हा नियम का, असं मी विचारलं.

“मिस्टर गेले, त्यानंतरची गोष्ट,” सुमनताई म्हणाल्या. “एक कादंबरी संपवली. इतका छान शेवट. कोणाला तरी सांगावं म्हणून मान वर केली, तर समोर फ्रिज.”

त्या दिवशीच्या शेवटी नायिका नोकरी सोडून नायकाच्या गावी गेली. मी म्हणालो, बिनपगारी रजा घेऊन जायला हवं होतं. त्यावर बराच वाद झाला. घरी परतताना लक्षात आलं, की आठवडाभरात दूधवाल्याखेरीज कोणाशी मी पहिल्यांदाच भांडलो होतो. कुलूप काढताना बरं वाटत होतं.

*

पुढच्या गुरुवारी मी सभासदत्वाचा अर्ज दिला. मंडळाचा छापील नमुना आहे. त्यात एक रकाना : ‘सभासद का व्हायचे आहे?’ मी लिहिलं, ‘वाचनाची आवड असल्याने.’

अर्ज परत आला. लाल पेन्सिलीने शेरा : ‘आवड घरीही भागते.’

मी खोडून लिहिलं, ‘वेळ जाण्यासाठी.’

पुन्हा परत. ‘वेळ आपोआप जातो. खरे कारण लिहावे.’

आयुष्यभर मी लोकांच्या अर्जांत त्रुटी काढल्या. माझ्या अर्जात कोणी काढली नव्हती. तिसऱ्या वेळी मी लिहिलं, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे.’ या एका वाक्यावर आमची कचेरी वर्षानुवर्षं चालली होती.

सुमनताईंनी तो रकाना खोडरबराने स्वच्छ पुसला. “संकलित झाली की भरा. तोवर अर्जदार म्हणून बसा. निघा म्हटलं की निघायचं मात्र.”

“अहो भाऊसाहेब, काहीतरी लिहून टाका ना,” मीनाताई म्हणाल्या. त्या खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त झाल्या आहेत आणि कोणत्याही स्फोटक विषयावर शांतपणे बोलतात. “मी काय लिहिलंय माहितीये? जावई टीव्ही मोठा लावतो.”

“ते मंजूर झालं?”

“खरं होतं ना ते.”

खरं कारण मलाही माहीत होतं. एका शब्दाचं होतं. पण आपल्या अक्षरात तो शब्द लिहिलेला बघायची माझी तयारी नव्हती. आणि ते लिहीत नाही तोवर दर गुरुवारी ‘निघा’ ऐकावं लागेल, ही धास्ती होतीच. मी दाराजवळची खुर्ची धरली.

*

एकदा वाचनाची पाळी माझ्यावर आली. प्रकरण कळसाचं. नायक पावसात नायिकेच्या फाटकाशी उभा राहून म्हणतो, की तुझ्याशिवाय मला जगणं अशक्य आहे. मी खणखणीत वाचलं. स्वल्पविरामाला थांबलो, पूर्णविरामाला जास्त थांबलो.

मीनाताईंनी हात वर केला. “भाऊसाहेब, हे प्रेमपत्र आहे की निलंबनाचा आदेश?”

“मोठ्याने वाचायचा सराव मला आदेशाचाच आहे.”

“ते ऐकू येतंय. ती बिचारी आता अपिलात जाईल.”

मग चर्चा नायकाकडे वळली. फाटकाशी रात्रभर उभं राहणं सुमनताईंना फार भावलं होतं. मीनाताई म्हणाल्या, “आमच्या कारखान्याच्या फाटकाशी असा कोणी उभा राहिला असता, तर त्याला आत घेऊन चौकशी केली असती. आणि पुढे आठवडाभर आम्हाला डबा उघडून दाखवावा लागला असता.”

“मीनाताई, तुमच्यासाठी कोणी उभं राहिलं नाही का कधी?” मी विचारलं.

“आमचे हे राहायचे ना. सायकल घेऊन. पण ते फाटकापासून लांब, पानाच्या टपरीशी. अक्कल होती त्यांना.” मग म्हणाल्या, “टपरीही गेली आता.”

सुमनताईंनी पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं, आणि पुढचं पान त्यांनी स्वतः वाचलं.

*

मंडळात नवे लेखक येतात ते आर्यामुळे. आर्या आयटीत आहे. दोन मैत्रिणींबरोबर फ्लॅटमध्ये राहते आणि त्या तिघी एकमेकींना शेजारच्या खोलीतून मेसेज करतात. आमच्या ओळखीच्या लेखकांची तिला कीव येते. “काका, यांच्या हिरोला दोनशे पानं ‘हाय’ म्हणता येत नाही.”

तिने एका नव्या लेखकाची कादंबरी आणली. पहिलीच त्याची, पातळ. एका सोसायटीत लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस पाचव्या मजल्यावरच्या बाईच्या प्रेमात पडतो. पुन्हा यायला मिळावं म्हणून तो लिफ्टमध्ये दर वेळी थोडासा बिघाड शिल्लक ठेवतो. असे कर्मचारी मी दुरुस्ती विभागात खूप पाहिले होते. त्यांचं कारण प्रेम आहे, अशी शंका मात्र कधी आली नव्हती. पुस्तक मला फार आवडलं. इतकं, की आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली तेव्हा मी तक्रार न करता जिन्याने गेलो.

शेवट वाचायला बसलो, तर आर्या खिडकीतून बाहेर बघत बसलेली.

“तुला उत्सुकता नाही?” सुमनताईंनी विचारलं.

“मला माहितीये शेवट. मी आधी शेवटच वाचते. सॅड असेल तर पुस्तक घेतच नाही.”

खालची गिरणीही नेमकी थांबली होती.

“मग लग्नही असंच करणार का गं?” सुमनताई म्हणाल्या. “आधी शेवट बघून?”

“आईबाबांचा बघितला ना,” आर्या म्हणाली. “म्हणून तर थांबलेय.”

तिला मंडळातून काढायचा विचार होता, तो ठराव कोणी मांडलाच नाही. मीनाताईंनी पिशवीतून चकलीचा डबा काढून तिच्यासमोर ठेवला. तेव्हापासून नवीन पुस्तक आलं की आर्यापुरतं रबर पहिल्याच पानाला लावतात.

*

कसबा पेठेत माझा पुतण्या राहतो. दिवाळीला आणि माझी तब्येत बिघडल्याचं कळलं की येतो. एकदा सपत्नीक आला. मी चहा टाकेपर्यंत सूनबाईंनी पलंगावरच्या पुस्तकांवर नजर टाकली. मुखपृष्ठावर कुठे गुलाब, कुठे दोन सावल्या, कुठे नुसती बाई. स्वयंपाकघरात मला कुजबुज ऐकू येत होती.

“काका,” चहा पिता पिता पुतण्याने विषय काढला, “म्हणजे, राग मानू नका. कोणी आहे का?”

“आहे.”

कपबशी वाजली. “कोण?”

“चौथ्या प्रकरणात आहे. विधवा, स्वभावाने करारी. अजून पूर्ण ओळख व्हायचीय.”

सूनबाई हसल्या. पुतण्याही हसला, जरा सुटल्यासारखा. या वयात नको त्या भानगडी, तुम्ही आपले वाचत बसा, असं म्हणाला. माझी लग्नाची वेळ तशी चुकतच गेली. आधी बहिणींची लग्नं, मग आईचं आजारपण, आणि रांगेत माझा नंबर आला तेव्हा खिडकी बंद झाली होती. त्याचं आता मला काही वाटत नाही. पण ते दोघं गेल्यावर मी त्या करारी विधवेचं पाचवं प्रकरण उघडलं आणि चहा केव्हा निवला ते कळलं नाही.

*

आता यातला सगळ्यांत चांगला किस्सा.

माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. एक डोळा आता, दुसरा रांगेत. डॉक्टरांनी वाचायला बंदी घातली. आमच्या त्या ओळखीच्या लेखिकेची नवी कादंबरी तेव्हा मंडळात चालू होती. बऱ्याच वर्षांनी लिहिलेली, आणि पूर्वीच्या सगळ्यांहून सरस. रत्नागिरीहून सुटलेली एसटी, आणि ती जिथे पोचणार त्या स्टँडवर वाट बघणारी साठीची नायिका. नायक त्या एसटीतून उतरतो की नाही, हे रबराखाली होतं. मी गुरुवारच्या गैरहजेरीसाठी रीतसर रजेचा अर्ज आर्याच्या फोनवर पाठवला.

उत्तर आलं : ‘रजा नामंजूर. सुमनताई.’

गुरुवारी संध्याकाळी बेल वाजली. दारात तिघी. माझ्या घरात एकाच वेळी चार माणसं पूर्वी कधी बसली, ते मला आठवेना. खुर्च्या दोन, म्हणून मीनाताई पलंगावर बसल्या आणि आर्या जमिनीवर. मी काळा चष्मा लावून भिंतीशी टेकलो.

सुमनताईंनी रबर काढलं आणि वाचायला सुरुवात केली. संथ, शाळेतल्यासारखं नाही. एसटी आली. दार उघडलं. एकेक माणूस उतरू लागला. शेवटचं पान उरलं, आणि सुमनताईंनी पुस्तक मिटलं.

“आज इथेच थांबू.”

“अहो ताई, एक पान राहिलंय,” मीनाताई म्हणाल्या.

“भाऊसाहेब दमलेत. उरलेलं त्यांना उद्या वाचून दाखवीन. तुम्हाला गुरुवारी.”

मी दमलो नव्हतो. तरी दमल्यासारखी मान मागे टेकवली. मीनाताई पटकन उठल्या. जिन्यापाशी आर्याचा आवाज आला, “पण नियम असा आहे ना, की शेवट...”

“चपला घाल,” मीनाताई म्हणाल्या.

शुक्रवारी सुमनताई एकट्या आल्या. शेवटचं पान वाचून दाखवलं. मग डोळ्यात थेंब कोण घालतं, म्हणून विचारलं. मीच, आरशात बघून, असं मी सांगितलं.

“एका डोळ्याने दुसऱ्यात? वा. मान मागे करा.”

त्यांनी थेंब घातले. “आता डोळे मिटा. मी म्हणेपर्यंत उघडायचे नाहीत.”

पर्स उघडल्याचा आवाज झाला, मग कागदाचा.

“तुमचा अर्ज आणलाय. कारणाचा रकाना रिकामाच आहे अजून.”

“मला लिहिता येणार नाही सध्या.”

“सांगा. मी लिहिते.”

मी सांगितलं. एकच शब्द होता, पण पुढे बराच वेळ बोलत राहिलो. डोळे मिटलेलेच होते, त्यामुळे त्यांनी काय लिहिलं, किंवा लिहिलं की नाही, ते मला दिसलं नाही. डोळे उघडायला त्यांनी लवकर सांगितलंही नाही.

शनिवारीही थेंब घालायला त्याच आल्या, आणि रविवारीही.

अर्ज अद्याप निर्णयाविना प्रलंबित आहे.