की नाही

माझ्या बायकोनं माझ्या धाकट्या भावाला घराबाहेर काढलं, असं आमच्या नात्यात चाळीसेक वर्षं बोललं जातं. ती गेली तेव्हा तेराव्यालाही एका चुलतीनं ते ऐकवलं आणि मी खाली मान घालून जेवत राहिलो. ते खोटं आहे. भावाला मी काढलं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. भोसरीत भाड्याच्या एका खोलीत आम्ही तिघं राहायचो. आई आदल्या वर्षी गेली होती. भाऊ सव्वीस वर्षांचा, अंगानं माझ्याहून थोराड. सरकारी कागदावर मतिमंद, गल्लीत येडा. प्रश्न विचारला की त्यातला शेवटचा शब्द तो परत करायचा. ‘जेवायचं की नाही?’ ‘नाही.’ म्हणून आई उलटं विचारायची, ‘उपाशी राहतोस, की जेवतोस?’ ‘जेवतोस,’ म्हणून तो ताटावर बसायचा. बायकोनंही महिन्याभरात ही रीत उचलली.

माझी शिफ्ट सुटताना तो कंपनीच्या गेटवर येऊन उभा राहायचा. माझ्याबरोबरच्या पोरांना तेवढंच हवं असायचं.

‘काय रे, तुझा भाऊ माणूस, की गाढव?’

‘गाढव.’

‘लेथवर काम करतो, की झोपतो?’

‘झोपतो.’

‘राव, घरचा साक्षीदार हाय. खोटं बोलंल व्हय?’

सगळे हसायचे. मीही हसायचो. राग मात्र त्या हरामखोरांचा यायचा नाही, त्याचा यायचा. रस्त्यात कुणी नसलं की मी त्याला ढकलत, शिव्या देत घरी आणायचो.

अशात सरकारी अनुदानावर प्रौढ मतिमंदांसाठी एक कार्यशाळा निघाली. बातमी बायकोनं काढली, अर्जही तिनंच आणला. कंपन्यांमधून आलेले नट-बोल्ट निवडून पुड्या बांधायचं काम होतं. ‘दिवसभर हाताला काम, संध्याकाळी घरी. मी सांभाळीन त्यांना,’ ती म्हणाली.

हे काम त्याला येत होतं. मी कंपनीतून टाकाऊ नट-बोल्टचा डबा आणला होता. तो डोळे मिटून बोटानं आटे चाचपायचा आणि ज्याचा नट त्याला बसवायचा. माझ्या हाताखालच्या शिकाऊंना ते जमत नसे.

निवडीच्या दिवशी बायकोला आठवा महिना होता, म्हणून त्याला मी घेऊन गेलो. तिनं डब्याचं झाकण सुतळीनं आवळून डबा माझ्या पिशवीत टाकला. ‘साहेबांसमोर ठेवा. भावजी बोलणार नाहीत, पण त्यांचे हात बोलतील.’

साहेबानं कागदावरून मान वर केली नाही.

‘काम येतं की नाही?’

‘नाही.’

‘इथं यायचंय की नाही?’

‘नाही.’

मला एकच वाक्य बोलायचं होतं. साहेब, उलटं विचारा. पिशवी माझ्या मांडीवर होती.

साहेबानं माझ्याकडे बघितलं. ‘घरीही असाच?’

‘असाच,’ मी म्हणालो.

‘मग इथं नाही जमायचं. परजिल्ह्यात सरकारी गृह आहे, तिथं कायमचं ठेवतात. पालक म्हणून सही करा.’

मी केली. पेन त्यांचंच होतं, तेही मी परत द्यायला विसरलो, एवढी घाई झाली होती.

घरी येऊन बायकोला सांगितलं, ‘साहेबांनी विचारलं. त्यानंच नाही म्हटलं.’ तिनं पिशवीतून डबा काढला. सुतळीची गाठ तिनं मारली होती तशीच होती. तिनं त्या गाठीकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि डबा फळीवर ठेवून दिला. नातेवाईक तिला काय काय बोलले, पण त्या गाठीबद्दल तिनं कुणाला सांगितलं नाही.

त्याला त्या गृहात पोचवल्यावर तीन महिन्यांनी मी भेटायला गेलो. तो निम्म्यावर आला होता. गालाची हाडं दिसत होती.

तिथला शिपाई म्हणाला, ‘जेवायचं का न्हाई विचारलं, की न्हाई म्हणतो. ताट उचलतो आमी. जबरदस्ती करायची न्हाई, असा नियम हाय.’

मी त्याला उलटं विचारायला सांगितलं. त्यानं विचारलं, ‘उपाशी राहतो, का जेवतो?’

‘जेवतो,’ भाऊ म्हणाला आणि त्यानं पाच भाकरी खाल्ल्या.

शिपायानं रिकामं ताट उचललं. ‘एवढंच व्हय? मग आणायच्या टायमाला साहेबाला का न्हाई सांगितलं?’

एसटीची वेळ झाली, असं मी म्हणालो. एसटीला तासभर होता.

भाऊ माझ्या पिशवीत हात घालून डबा शोधत होता. डबा मी आणला नव्हता. उठताना मी विचारलं, ‘थांबू, की जाऊ?’ शब्दांचा क्रम मी विचार करून लावला होता.

‘जाऊ,’ तो म्हणाला. आणि माझी पिशवी खांद्याला लावून फाटकाकडे चालू लागला.

शिपायानं त्याला मागून धरलं. पिशवी त्याच्या मुठीतून सुटेना. एकेक बोट उलगडून ती मी सोडवून घेतली.