पावसाकडची भिंत

रंगाऱ्याला घरात कोणी माणूस समजत नाही. मान देत नाहीत असं नाही हो. चहा देतात, पोहे देतात. पण आम्ही एकदा परांचीवर चढलो की घरच्यांना आमचा विसरच पडतो. खिडकीबाहेर मी ब्रश घेऊन लटकलेला, अन् आत सासू-सुनेचं जुंपलेलं! आता कान काय डब्यात बंद करून ठेवू? असेच किस्से जमत जातात. कपड्यावरचे डाग रॉकेलनं तरी निघतात, हे काही निघत नाहीत.

आमची टोळी तिघांची. सुखदेव मिस्त्री, रफिकभाई अन् मी, गजू. बुलडाण्यात घाटाच्या कडेला जी घरं आहेत, ती आमची खास गिऱ्हाइकं. तिथं पाऊस वरून पडत नाही, आडवा येतो! घराची एक बाजू कायम मार खाते. आम्ही तिला पावसाकडची भिंत म्हणतो. तिचा रंग जातो, पोपडे सुटतात, मग आतून ओल येते.

मिस्त्रींची गॅरंटी कागदावर नसते. बाहेरून रंग दिला की पहिल्या झोडपणाऱ्या पावसात ते त्या घरी हजर! सदरा-बनियन काढायचं, आतून त्या भिंतीला उघडी पाठ टेकून बसायचं अन् डोळे मिटायचे. चुन्यानं अन् थिनरनं त्यांचे हात असे राठ झालेत की हाताला ओल कळतच नाही. "हाताले नाही समजत बे, पाठीले समजते," म्हणतात. उठून "कोरडी" म्हणाले की कोरडी. "ओली" म्हणाले की उघाड पडल्याबरोबर पुन्हा परांची बांधायची, अन् गिऱ्हाइकाकडून चहासुद्धा मागायचा नाही!

*

यंदा उन्हाळ्यात इंगळे काकूंचं घर हातात आलं. काकू म्हणजे शाळेतल्या रिटायर बाई. घाटाच्या अगदी तोंडावर एकट्या राहतात. मुलगा विवेक पुण्याला. मागच्या पावसाळ्यात त्या ओलीत झोपल्या अन् छाती भरली, चांगलं दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून विवेकचा एकच धोशा: "आई, पुण्याला चल."

काकू म्हणायच्या, "तिथं मले कोण वळखते? इथं भाजीवालासुद्धा माह्या हातचा मार खाल्लेला हाय!"

शेवटी मायलेकांचं ठरलं. भिंत रंगवायची. यंदा कोरडी राहिली तर काकू इथंच. ओली झाली तर सामान बांधायचं, पुन्हा तोंडातून शब्द काढायचा नाही. काम ठरवायला आलेल्या विवेकनं ते आमच्यासमोरच आईकडून पुन्हा म्हणवून घेतलं.

"पण ओली की कोरडी, हे ठरवणार कोण?" त्यानं विचारलं.

"मिस्त्री," काकू म्हणाल्या. "ते सांगतीन ते मले कबूल."

"मलाही कबूल," विवेक म्हणाला. मिस्त्रींचा लौकिक त्याच्याही कानावर होता.

रंगसुद्धा त्यानंच फोनवर पाठवला होता, पुण्याच्या सोसायटीसारखा करडा. काकूंनी एक नजर टाकली अन् म्हणाल्या, "ढगाचा रंग ढगाले राहू दे. मले पिवळा पाह्यजे!"

काम चाललं तोवर काकू दारात खुर्ची टाकून बसायच्या अन् चहाच्या बदल्यात आमच्याकडून किस्से वसूल करायच्या.

*

काकूंचा आवडता किस्सा बीबी गावचा. मिस्त्रींची सासुरवाड तिकडची, म्हणून माळावरच्या एका घराचं काम मिळालं होतं. पाऊस आला तसे मिस्त्री जाऊन बैठकीतल्या भिंतीला पाठ लावून बसले. उघडंबंब अंग, डोळे मिटलेले. अन् नेमकी त्याच वेळी घरच्या मुलीला पाहायला मंडळी आली!

मंडळी दारातच थबकली. त्यांच्यातली एक मावशी पुढं झाली अन् तिनं थेट मिस्त्रींच्या पायावर डोकं ठेवलं. "महाराज, जमंल का हो आमच्या पोराचं?"

मिस्त्रींचं सगळं ध्यान पाठीत. डोळे न उघडता म्हणाले, "पश्चिमेकडून त्रास होता. आता बंदोबस्त केला हाय. चिंता नाही."

"बघा!" मावशी ओरडली. "सिंदखेडची आत्या! तीच मोडता घालती म्हणून मी कवाची सांगती!"

लग्न जमलं. मिस्त्रींना पहिल्या पंगतीला पाटावर बसवलं, नारळ दिला, टोपी दिली. आजही ते मला विचारतात, "गजू, रंग त आपण सगळ्याइकडेच देतो. त्यायनं मले एवढा मान काऊन देला बे?"

*

रफिकभाईचा किस्सा हिवरा आश्रमाकडचा. पोळा जवळ आला होता, चार दिवस उघाड मिळाली म्हणून एका माडीचं काम काढलं. रफिकभाई वर रोलर चालवत होता, गुलाबी रंग. अन् एकदम वावधान सुटलं! खाली शेजाऱ्याचा पांढराशुभ्र बैल बांधलेला. रंगाचा सगळा फवारा त्याच्या अंगावर. बैलाला गोवर उठल्यासारखे ठिपके!

बैलाचा मालक काठी घेऊनच आला. रफिकभाई वरून हात जोडतो, "मालक, पानी का कलर हाय! धुतला का जाते!" पण खाली उतरायची काही हिंमत करत नाही. मालक जरा वळला तसं आम्ही त्याला उतरवलं अन् रंगाचे डबे तिथंच सोडून गाव गाठलं.

पोळा झाल्यावर भीत भीत परत गेलो, तर मालक वाटच पाहत उभा. पोळ्यात सगळं गाव म्हणे त्याच बैलाभोवती गोळा झालं होतं. त्यानं रफिकभाईचा हात धरला अन् विचारलं, "दुसरा बैल कवा उभा करू?"

*

जळगाव जामोदला दोघा भावांचं एक घर होतं, मधून वाटणी केलेलं. दोघांचं बोलणं बंद. थोरल्यानं आपला अर्धा भाग आमच्याकडून रंगवून घेतला. पावसाकडची भिंत धाकट्याच्या वाट्याला, ती तशीच भेगाळलेली. पाऊस आला, मिस्त्री थोरल्याच्या खोलीत पाठ लावून बसले अन् उठून म्हणाले, "ओली."

थोरला भडकला. "नवा रंग देऊन ओली?"

"भाऊ, पाणी तिकडून शिरून इकडं येऊन राह्यलं. पाण्याले वाटणी समजत नाही."

मग थोरला उठून अंगणात गेला अन् कुणाकडेही न पाहता, कडुनिंबाकडे तोंड करून मोठ्यानं म्हणाला, "कोणाले भिंत रंगवायची असन त रंगवून घ्या म्हणा. डबे माह्याकडचे उरले हायेत!"

पलीकडून आवाज आला, "चहा प्यायचा असन त पिऊन जा म्हणा कोणाले!"

हे ऐकून काकूंच्या डोळ्यांत पाणी आलं. आमच्याही आलं होतं तेव्हा, खोटं कशाला सांगू?

*

पण खरं बोलण्याची हौस मिस्त्रींना महागातही पडली आहे. त्यांच्या साडभाऊनं घर बांधलं, रंग आम्ही दिला. वास्तुशांतीच्या दिवशी पंगत बसलेली, अन् पाऊस धो धो सुरू झाला. मिस्त्री हातातला घास टाकून उठले! सदरा काढला, भिंतीला पाठ लावली. साडभाऊ खुणा करतोय, मेहुणी डोळे वटारतेय, भटजी मंत्र विसरले. तेवढ्या पाहुण्यांत मिस्त्रींनी जाहीर केलं, "ओल हाय!"

वहिनी, म्हणजे मिस्त्रींच्या घरच्या, महिनाभर त्यांच्याशी बोलल्या नाहीत. आम्ही समजावलं, "मिस्त्री, दुसऱ्या दिवशी सांगतलं असतं त काय बिघडत होतं?"

"भिंत खोटं बोलत नाही. मंग म्या काऊन बोलू?"

बाकी सगळे किस्से ऐकून काकू पोट धरून हसल्या होत्या. याला नाही हसल्या. हातातली कपबशी खाली ठेवून म्हणाल्या, "म्हंजे माह्या घरीबी असंच सांगसान का मिस्त्री?"

मिस्त्रींनी ब्रश पाण्यात बुडवला, झटकला, पुन्हा बुडवला. म्हणाले, "सांगाच लागते काकू."

त्या दिवसापासून मिस्त्रींनी त्या भिंतीचा जो पिच्छा पुरवला, काही विचारू नका! एकेक चीर फोडून भरली, लांबी, म्हणजे भिंतीची पुट्टी, घासून पुन्हा लावली, वरून रंगाचे दोन हात ठरलेले असताना चार मारले. मला अन् रफिकभाईला शिव्या वेगळ्याच.

*

आषाढात झड लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी लाईट गेली ती आलीच नाही, अन् दुपारी घाटाखालून असा वारा उठला की काकूंच्या घराचे दरवाजे मला अन् रफिकभाईला धरून ठेवावे लागले. विवेक सुटी काढून आलाच होता. माळ्यावरची मोठी बॅग काढून, पुसून त्यानं कोपऱ्यात ठेवली होती. वाईट पोरगा नाही हो तो. आईला जरा खोकला आला की याचा चेहरा उतरायचा.

मिस्त्री भिजून आले. अंग पुसलं, भिंतीला पाठ लावली, डोळे मिटले. थंडी म्हणजे कशी? विवेकनं जॅकेट घातलेलं, काकूंच्या अंगात स्वेटर, त्यावर शाल, डोक्याला रुमाल. बाहेर भिंतीवर पाऊस नुसता बदडत होता.

मी खिडकीपाशी उभा होतो. मिस्त्रींच्या खांद्याजवळ भिंत जराशी गडद झालेली मला दिसली. मी रफिकभाईकडे पाहिलं. रफिकभाई छताकडे पाहायला लागला. मिस्त्री बसल्या जागी हळूच सरकले, अन् ती जागा त्यांच्या पाठीमागं गेली.

"मिस्त्री, झालं का?" विवेकनं विचारलं.

"बसू द्या जरा."

परत थोड्या वेळानं, "आता तरी सांगा."

"बसू द्या नं साहेब."

काकू चुलीवरचा चहा घेऊन आल्या. कप धरायला मिस्त्री पुढं वाकले, अन् शेजारीच बसलेल्या विवेकला त्यांची पाठ दिसली. पाठीवरून पाण्याचा ओघळ कमरेपर्यंत आला होता. विवेकनं त्यावर बोट टेकवलं.

"हे काय आहे?"

मिस्त्रींच्या दोन्ही दंडांवर थंडीनं काटा आलेला. त्यांनी काकूंकडे पाहिलं नाही, आमच्याकडेही नाही. म्हणाले, "घाम हाय."

"घाम?"

"हो. उघाड पडली का जातो."

विवेकनं आपल्या ओल्या बोटाकडे पाहिलं. कोपऱ्यातल्या बॅगेकडे पाहिलं. मग आईकडे पाहिलं. काकू ट्रे धरून तशाच उभ्या होत्या.

इतके दिवस आमच्याशी पुण्याचं मराठी बोलणारा तो पोरगा म्हणाला, "आई, मिस्त्रीले लय गरम होऊन राह्यलं वं. पंखा लाव."

काकूंनी ट्रे खाली ठेवला, शाल सावरली, अन् जाऊन बटन दाबलं.