स्पिरिटचा शनिवार

गंगाखेडच्या तहसील कचेरीसमोरच्या लिंबाखाली काशीनाथराव सव्वीस वर्षे टंकलेखन करीत होते. अर्ज, प्रतिज्ञापत्रे, हरकती. सांगणारा सांगेल तेवढेच कागदावर उतरवायचे, पदरचा शब्द घालायचा नाही, हा त्यांचा नेम. विद्यापीठाच्या नामांतराच्या मागणीचे निवेदन आणि नामांतराच्या विरोधातले निवेदन त्यांनी एकाच दिवशी, एकाच यंत्रावर करून दिले होते. दोन्हींतला एक अनुस्वारही हलला नव्हता.

कॉलेजची तीन वर्षे मी त्यांच्याकडे खोली घेऊन राहिलो, म्हणून त्यांचा दुसरा नेमही मला ठाऊक आहे. दर शनिवारी सकाळी ते यंत्र ओसरीवर घेऊन बसत. दातांचा जुना ब्रश, धोतराचा मऊ तुकडा आणि बाटलीत स्पिरिट. ‘व’ आणि ‘ब’ यांच्या पोटात साचलेली शाई निघाली की ते अक्षर कागदावर उठवून पाहत आणि हलकेच मान डोलावत.

पद्मजा ही त्यांची एकुलती मुलगी. टंकलेखन तिला त्यांनीच शिकवले होते. तिच्यासाठी जुने दुसरे यंत्रही घेऊन ठेवले होते. पण ती स्पष्ट म्हणाली होती, “बाबा, लिंबाखाली मी बसणार न्हाई.” १९९३च्या दिवाळीनंतर तिला पुण्याच्या एका संशोधन संस्थेचे काम मिळाले. गावोगावच्या विहिरींची माहिती गोळा करायची आणि संस्थेने दिलेल्या लॅपटॉपमध्ये भरायची. यंत्र दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायचे नाही, अशी लेखी अट होती. जानेवारीअखेर काम पुरे झाले, तर पुण्यात कायमची जागा.

कचेरीसमोरचे स्टॅम्प विकणारे बन्सीधर काशीनाथरावांना डिवचत. “पोरगी मांडीवर कचेरी घेऊन फिरायलीय, काशीनाथराव. तुमच्या या लोखंडी म्हशीला आता बाजार दाखवा.”

“दूध देती हो अजून,” काशीनाथराव म्हणत. पण त्या दिवसांत त्यांची मान जरा ताठ असे.

डिसेंबरच्या शेवटी पद्मजा एका गुऱ्हाळावर माहिती घ्यायला गेली. मालकाने आग्रहाने काकवी खाऊ घातली, आणि त्याच बोटांनी तिने घाईत आकडे भरले. रात्री जेवताना ती म्हणाली, “चार बटनं लय चिकटायलीत, बाबा.” दुसऱ्या दिवशी शनिवार होता. लॅपटॉप घरी ठेवून ती पहाटेच्या गाडीने पूर्णेला गेली.

काशीनाथरावांनी ओसरीवर आपले यंत्र आणि तिचा लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले. लॅपटॉपचे एकेक बटन त्यांनी ब्रशने मोकळे केले. चारही बटने छान खालीवर होऊ लागली. मग पडद्यावरचे बोटांचे ठसे त्यांना दिसले. काच समजून त्यांनी स्पिरिटमध्ये भिजवलेला तुकडा त्यावरून दोनदा, तीनदा फिरवला, आणि खालच्या कडेची धूळ निघावी म्हणून तिथे थोडे स्पिरिट सोडले. आपण बिघडवतो आहोत, असे सांगणारे त्या बंद पडद्यात काहीच नव्हते.

संध्याकाळी पद्मजाने यंत्र सुरू केले. पडद्यावर पांढरे धुके आले, आणि खालच्या कडेने एक काळा डाग टीपकागदावरच्या शाईसारखा वर चढत गेला. काशीनाथराव हातातला तुकडा घड्या घालत उभे होते. घालायला घडी उरली नव्हती.

रविवारी सकाळी ती म्हणाली, “बाबा, कागद लावा. संस्थेला लिहायचंय. मी सांगते.”

त्यांनी कागद लावला. मायना झाला, विषय झाला. मग ती म्हणाली, “पडदा साफ करताना माझ्या हातून खराब झाला.”

बोटे थांबली. “पद्मा, हे खोटं हाय.”

“यंत्र तुमच्या हाती लागलं हे कळलं, तर दारात उभं करणार न्हाईत मला.”

“मी न विचारता हात लावला, तसं लिहितो ना—”

“बाबा, सांगणारी मी हाय.”

काशीनाथरावांनी ते वाक्य उठवले. एक शब्द गाळला नाही, एक घातला नाही. खाली तिने सही केली.

विद्यापीठाच्या नावाचा निर्णय झाला त्याच आठवड्यात उत्तर आले. ‘आपण स्वतः दिलेल्या कबुलीनुसार’ निष्काळजीपणा सिद्ध होत असल्याने काम अन्य व्यक्तीकडे सोपवण्यात येत आहे, अशा दोन ओळी होत्या. यंत्र न्यायला आलेला माणूस सभ्य होता. चहा घेता घेता त्याने सांगितले की आतली माहिती शाबूत असते, फक्त दिसत नाही. पद्मजाने एकशे चाळीस विहिरी भरल्या होत्या.

उन्हाळ्यात ती लिंबाखाली दुसऱ्या यंत्रावर बसू लागली. बापलेकींचे बोलणे कामापुरते होई.

परीक्षा संपल्यावर मी नोकरीचा अर्ज काशीनाथरावांकडून करून घेतला. कागदावरच्या प्रत्येक ‘व’चे आणि ‘ब’चे पोट काळे होते. न राहवून मी विचारले, “स्पिरिट संपलं का, काका?”

त्यांनी कागद माझ्या हाती दिला. “हाय की,” ते म्हणाले. “बाटली भरलेली हाय.”