गरम जर्सी

ड्रायरमधून काढलेली जर्सी हातात अजून गरम होती आणि ती घालणारा विशीतला पोरगा आता आमच्या बास्केटबॉल संघात नव्हता. त्याला दुसऱ्या संघाला देऊन दोन अनुभवी खेळाडू घेतले. संघाला बचाव हवा होता, तेव्हा निर्णय बरोबरही असेल.

"पण सगळ्यांत चांगला तोच खेळायचा ना?" मी सावंतकाकांना विचारलं. या परक्या देशात, संघाच्या या लाँड्रीत मला त्यांनीच कामाला चिकटवलं.

"चांगला होता म्हणूनच गिऱ्हाईक मिळालं, बाळा."

आठवीत शाळा सोडलेल्या मला इथे पोटाला मिळतं, हे उपकारच. नीट काम केलं की कुणी हलवत नाही, या भरवशावर मी निजायचो.

संध्याकाळी लाँड्रीचे साहेब म्हणाले, "तुझं काम फार छान असतं."

मी हसलो, पण जर्सीची घडी घालताना सावंतकाकांचं ते 'गिऱ्हाईक' आठवत राहिलं.