दुपारची वरात

मी आज जो काही आहे तो माझ्या मामांमुळे. ते लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवतात. माझे वडील गेल्यावर आई मला घेऊन पुलगावजवळच्या माहेरी आली आणि मामांनी मला आपल्या मुलांच्या पंगतीत बसवलं. पुलगावची शाळा, मग वर्ध्याचं कॉलेज, सगळं त्यांच्या लग्नसराईवर झालं. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. निकालाच्या दिवशी मामांनी अंगणात ट्रम्पेट वाजवलं, तेव्हा शेजारचे म्हातारबुवा ओरडले, "कोनाचं लगन हाय गा?"

"लगन नाई, बाबाजी," मामा म्हणाले. "भाचा बीए झाला."

आता मी कलेक्टर ऑफिसच्या आपत्ती विभागात कंत्राटी नोकरी करतो आणि आईसोबत पिपरी मेघेला भाड्यानं राहतो. उन्हाळ्यात हवामान खात्याचा इशारा आला की तो टाइप करून गावोगावी पाठवणं हे माझं काम. पिवळा, नारिंगी, लाल.

नोकरी लागली त्या वर्षी नागपूरला प्रशिक्षण झालं. मुंबईहून आलेल्या मॅडम राज्याचा हवामान बदलाचा आराखडा समजावत होत्या. कोळशाऐवजी सूर्याची वीज, विजेवरच्या बसगाड्या, शेतात सौर पंप, आणि प्रत्येक जिल्ह्याला उष्णतेचा वेगळा आराखडा. कोणीतरी विचारलं, "हे सगळं केलं तर ऊन कमी होईल ना, मॅडम?"

त्या म्हणाल्या, "वाढणं कमी होईल. जो धूर आधीच वर गेला आहे, तो लवकर जात नाही."

बाकीचे चहाला उठले. मला मात्र मामांचा कोट दिसत होता. लाल मखमली, गळ्यापर्यंत बटणं, वर तुरा लावलेली टोपी. आमच्याकडे लग्नं एप्रिल-मेमध्ये आणि तीही भर दुपारची. वरात हॉलच्या गेटवर पोचेपर्यंत मामा पाण्याचा घोट घेत नाहीत. ओठ सैल पडतात आणि सूर निसटतो, असं त्यांचं म्हणणं. हे मी लहानपणापासून पाहत आलो होतो. भीती वाटली ती त्या दिवशी पहिल्यांदा.

जिल्ह्याच्या आराखड्याची बैठक झाली तेव्हा मी धीर करून म्हणालो की दुपारच्या वरातींचंही काही लिहावं. आमचे साहेब हसले. "म्हणजे आता मुहूर्त कलेक्टर ऑफिसनं काढायचा?" सगळेच हसले. पण साहेब मनाचे चांगले. म्हणाले, "सल्ला म्हणून टाका. बंदी नको." मी लिहिलं की बारा ते चार या वेळेत पाहुणे, वृद्ध, लहान मुलं आणि वाजवणारे यांना वरातीत उन्हात नेऊ नये. तपासणीत वाक्य लांब वाटलं आणि 'वाजवणारे' गेले. कोणाच्या मनात काही वाईट नव्हतं.

इशाऱ्याच्या मेसेजसोबत तो सल्ला गावोगावी गेला आणि लोकांनी तो मनावर घेतला. मला आधी आनंदच झाला.

मे महिन्यातल्या एका लाल इशाऱ्याच्या दुपारी मी बोरगाव मेघेला पाणपोया बघायला गेलो होतो. समोरून वरात आली. नवरदेव एसी गाडीत, काचा वर. पाहुणे केव्हाचेच हॉलमध्ये कूलरपुढे जाऊन बसलेले. रस्त्यावर फक्त बँड, आणि सगळ्यांच्या पुढे मामा.

गाणं संपल्यावर ते म्हणाले, "काऊन गा, ऑफिस सोडून नाचाले आला का?"

"मामा, सावलीत चला. पाणी घ्या."

"गेटपावतर जाऊ दे. मंग पितो."

"बटणं तरी उघडा."

"नवरीवाल्यायसमोर? बँडवाले उघडेच आले म्हनतीन."

मागचा ढोलवाला हसला. "साहेब, तुमचा मेसेज वाचला ना सगळ्यायनं. म्हनून तं आमीच उरलो रस्त्यावर."

मी माझी दुचाकी ढकलत मामांच्या बाजूनं चालत राहिलो. गेट दिसू लागलं तेव्हा मामांचा सूर पातळ झाला आणि तुटला. मी त्यांचं मनगट धरलं. कोरडं होतं, आणि तव्यासारखं तापलेलं. घाम थांबला की जीव धोक्यात, हे आम्हाला शिकवलं होतं. मामांनी माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "शाळा सुटली का रे?"

कोटाची बटणं मी तोडूनच काढली. नवरदेव स्वतः खाली उतरला आणि त्यानं गाडी दिली. दवाखान्यात याच आराखड्यातून केलेली थंड खोली होती. तिथे त्यांना बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या चादरींत गुंडाळलं. संध्याकाळी त्यांनी मला नावानं हाक मारली, तोवर मी दाराशी उभा होतो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "आता यांचं शरीर पुढच्या वेळी एवढाही तग धरणार नाही."

मामा ती गोष्ट हसण्यावारी नेतात. "सरकारनं मले मासोळीवानी बर्फात ठेवलं," असं गावभर सांगतात. म्हणून यंदा लग्नाच्या तारखा ठरू लागण्याआधी मी त्यांना पत्र पाठवलं. ते असं होतं:

मामा,

आई इथे बरी आहे, मीही बरा आहे. तुमचं विचारायला मात्र भीती वाटते. फोनवर तुम्ही हसता आणि माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितो आहे.

यंदाच्या सल्ल्यात साहेबांनी वाजवणाऱ्यांना घेतलं आहे. पण सल्ला तो सल्लाच. कोणी ऐकेल, कोणी नाही. सूर्याची वीज, नव्या बसगाड्या, ही सगळी कामं चालू आहेत, आणि मला त्यांवर विश्वास आहे. पण त्यांचा गुण यायला माझे केस पिकतील, आणि तुमचा उन्हाळा तोंडावर आला आहे.

फक्त संध्याकाळची लग्नं घ्या. त्यानं निम्मं काम जाईल, हे मला कळतं. माझ्या पगाराचं नाव काढलं की तुम्ही रागावता, म्हणून काढत नाही. पण लाल इशारा पाठवताना मी गावांची यादी वाचतो आणि प्रत्येक गावाच्या रस्त्यावर मला तुम्ही उभे दिसता. मग बटण दाबायला हात उचलत नाही.

एवढं सांगूनही दुपारची तारीख घेतलीच, तर गाव आणि वेळ मला आधी कळवा. मी रजा टाकून येईन आणि तुमच्यावर छत्री धरून गेटपर्यंत चालेन. लोक हसले तर हसू द्या.

तुमचा भाचा